पाय ब्रेकवरच होता, तरी गाडी कशी उधळली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘वडील ६९ वर्षांचे. जवळजवळ चाळीस वर्षं गिअरची गाडी चालवली. आठ महिन्यांपूर्वी एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी पेट्रोल गाडी घेतली. परवा सोसायटीच्या पार्किंगमधून रिव्हर्स घेऊन ‘डी’मध्ये टाकताच गाडी जोरात रेस होऊन सुटली आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आदळली. वडील शपथेवर सांगतात की पाय ब्रेकवरच होता आणि पूर्ण ताकदीने दाबला होता. सर्व्हिस सेंटर म्हणतं गाडीत काहीच दोष नाही. घरात दोन तट पडलेत. गाडी अशी आपोआप पळू शकते का?’

मी विमा सर्वेक्षक आहे. त्याआधी बारा वर्षं पुण्यात वर्कशॉपला होतो. म्हणजे आधी गाड्या दुरुस्त केल्या आणि आता ठोकलेल्या गाड्या बघत फिरतो. ‘गाडीने अचानक पिकप घेतला’ हे वाक्य क्लेम फॉर्मवर अनेकदा वाचलंय. ते लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे जण खोटं बोलत होते, असं माझं मत आहे.

गाडी आपोआप रेस घेऊ शकते का? हो. त्याची खरी, हाताला लागणारी कारणं आहेत, ती पुढे सांगतो. पण उभी किंवा रांगणारी गाडी पार्किंगमध्ये सुटली, ब्रेक दाबूनही थांबली नाही आणि नंतर तपासणीत ब्रेक आणि रेस दोन्ही ठणठणीत निघाले, अशा वेळी बहुतेकदा पाय ब्रेकवर नसून रेसवर असतो. आणि चालकाला मनापासून वाटत असतं की तो ब्रेकवरच आहे. तुमचे वडील खरं सांगताहेत आणि सर्व्हिस सेंटरही खरं सांगतंय, हे एकाच वेळी शक्य आहे.

आधी ब्रेकचं बघू, कारण वडिलांच्या म्हणण्याचा कणा तोच आहे. साधारण छोटी पेट्रोल गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला जायला बारा-तेरा सेकंद घेते. तीच गाडी कोरड्या रस्त्यावर १०० वरून थांबायला तीन-सव्वातीन सेकंद पुरतात. म्हणजे ब्रेकची ताकद इंजिनाच्या साधारण चौपट. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर जास्त असतो हे खरं, तरी पारडं ब्रेकच्याच बाजूला झुकतं. अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने २००९ मध्ये सहा सिलिंडरची टोयोटा कॅमरी ताशी ११२ किलोमीटरला नेऊन, रेस पूर्ण दाबलेली ठेवून ब्रेक मारले होते. एरवी ती गाडी ५३ मीटरमध्ये थांबायची, रेस दाबलेली असताना ५८ मीटर लागले. फरक फक्त पाच मीटरचा. तुमच्या गाडीत ब्रेकचं पेडल आणि चाकांच्या ब्रेकपर्यंत दाब पोचवणारा मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये लोखंडी दांडा आहे, तिथे कॉम्प्युटर नाही. शिवाय एएमटीत ब्रेक दाबून गाडी उभी असताना यंत्रणा क्लच सोडवूनच ठेवते. ब्रेक खरोखर पूर्ण दाबलेला असताना गाडी त्या भिंतीपर्यंत जायची तर इंजिन आणि ब्रेक ही एकमेकांपासून वेगळी दोन यंत्रं एकाच सेकंदाला बिघडायला हवीत आणि भिंतीवर आदळल्यावर दोन्ही आपसूक दुरुस्त व्हायला हवीत.

याला एक अपवाद आहे आणि तो माहीत असायलाच हवा. पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. रेस पूर्ण उघडी असताना हा व्हॅक्यूम तयारच होत नाही. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोनदा दाबण्यापुरता असतो. घाबरून कुणी ब्रेक सोडून-दाबून पंप केला तर तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं लागतं. डिझेलला व्हॅक्यूमचा वेगळा पंप असतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. पण हायवेवर अडकलेल्या रेसची गोष्ट वेगळी आणि पार्किंगमधल्या तीन सेकंदांची वेगळी. पार्किंगमध्ये पंप करायला वेळच नसतो. उभी गाडी पूर्ण रेसवर तीन सेकंदांत तेरा-चौदा मीटर जाते आणि तिचा वेग ताशी तीसच्या वर पोचतो. तुमच्या पार्किंगचं अंतर मोजून बघा.

मग चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचा पाय चुकतोच कसा? हा वाद जुना आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने ऑडी ५००० ही गाडी आपोआप उधळते असं दाखवलं. पडद्यावर रेसचं पेडल स्वतःहून खाली जाताना दिसलं. ते हलावं म्हणून त्या गाडीच्या ट्रान्समिशनला भोक पाडून बाहेरून दाबाची हवा सोडली होती, हे नंतर बाहेर आलं. तोवर ऑडीचा बाजार उठला होता. १९८५ मध्ये अमेरिकेत ७४ हजारांवर गेलेली विक्री १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास येऊन ठेपली. मग अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, अनेक कंपन्यांच्या गाड्यांचा अभ्यास करून १९८९ मध्ये अहवाल दिला: ब्रेकचा दोष सापडला नाही अशा बहुतेक घटनांचं कारण पाय चुकीच्या पेडलवर पडणं.

वर्तमानपत्रांनी एवढंच उचललं. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑडीच्या आयडलिंग, म्हणजे रेस न दाबता इंजिन चालू राहण्याचा वेग, सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये खरोखर दोष होता. त्यामुळे गाडी कधीकधी अचानक हलकासा झटका घेऊन पुढे सरकायची. तो झटका ब्रेकने सहज आवरण्याजोगा होता, पण माणूस दचकण्याइतका नक्कीच होता. त्यात पेडलांची रचना अमेरिकी चालकांच्या सवयीपेक्षा वेगळी. म्हणजे दचकवलं यंत्राने, पाय चुकला माणसाचा आणि पेडल जागेवर नव्हतं डिझाइन करणाऱ्याच्या चुकीने. ऑडीने नंतर ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा ‘पी’मधून हलणारच नाही असं कुलूप बसवलं, तेव्हा अशा घटना निम्म्याहून जास्त कमी झाल्या. इंजिनात कुठेही हात न घालता! आज तुमच्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, त्या सोयीचं मूळ इथलं आहे.

तुमच्या गाडीत या झटक्याचा भाऊबंद आहे. एसी चालू असताना कॉम्प्रेसर लागला की इंजिन स्वतःहून थोडी रेस वाढवतं. त्याच क्षणी एएमटी ‘डी’त पडून रांगायला लागली तर एक छोटा हिसका बसतो. त्यात काही बिघाड नाही. पण ऐन रिव्हर्सच्या गडबडीत, मान मागे वळवलेली असताना, तो हिसका पुरेसा होतो.

पुढचं काम रिचर्ड श्मिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने करून ठेवलंय. हाताला आपली जागा नेमकी कळते, पायाला तितकी कळत नाही. आपण पेडलकडे बघून पाय ठेवत नाही, सवयीने टाकतो. मागे बघायला कंबर पिळली की टाच सरकते. नेहमीचीच हालचाल सरकलेल्या जागेवरून झाली की पाय ब्रेकऐवजी शेजारी पडतो. मेंदूने आज्ञा ब्रेकचीच दिलेली असते, आणि आपण काय केलं याची नोंद मेंदू आज्ञेवरून ठेवतो, तळपायावरून नाही. गाडी सुटते, मेंदू म्हणतो ब्रेक लागत नाहीये, अजून दाब. माणूस अजून दाबतो. गाडी अजून सुटते. म्हणून ‘मी पूर्ण ताकदीने दाबला होता’ हे वाक्य शब्दशः खरं असतं.

हे मला पुस्तकातून पटलेलं नाही. वर्कशॉपमध्ये असताना एका गिऱ्हाइकाची ऑटोमॅटिक मी रॅम्पवरून उतरवत होतो. समोर हवेचा कॉम्प्रेसर होता. कुणीतरी हाक मारली, मी वळून बघितलं आणि गाडीने उडी घेतली. मी ब्रेक दाबत होतो, दाबतच होतो. शेजारच्या पोराने खिडकीतून हात घालून चावी फिरवली म्हणून कॉम्प्रेसर वाचला. खाली बघितलं तर पाय रेसवर. तेव्हा वय होतं ३१. त्याने चावी फिरवली नसती तर आज मीही छातीठोकपणे ब्रेक फेल झाले असं सांगत असतो.

आता आपल्याकडची एक खास गोष्ट, जी परदेशी अहवालांत सापडत नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या क्लचवर वाढल्या. गिअरच्या गाडीत संकट आलं की दोन्ही पाय खाली जातात: डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. समजा उजवा चुकून रेसवर पडला, तरी डाव्याने क्लच दाबलेला असतो. इंजिन जागच्या जागी गुरगुरतं, आपण ओशाळून पाय सरकवतो आणि विसरून जातो. म्हणजे तुमच्या वडिलांचा पाय चाळीस वर्षांत कधीच चुकला नव्हता असं नाही. चुकला असेलही, क्लचने पोटात घातलं. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओतून एएमटी स्वस्तात आणली आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात आली. गुडघेदुखीसाठी म्हणून निवृत्त मंडळींनी ती आधी घेतली. डाव्या पायाला आराम मिळाला, पण त्याबरोबर ती ढालही गेली, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

कुर्ल्याची घटना आठवत असेल. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टच्या ताफ्यातली १२ मीटर लांबीची इलेक्ट्रिक बस कुर्ला पश्चिमेच्या गर्दीत घुसली. नऊ जणांचा जीव गेला, चाळीसहून जास्त जखमी झाले. आधी सगळीकडे ‘ब्रेक फेल’ झालं. आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत सापडले. चालकाला लहान, क्लच-गिअरच्या बसची सवय होती आणि या बसचं प्रशिक्षण तुटपुंजं होतं, हे तपासात पुढे आलं. चालकाला दोष देऊन मोकळं व्हायचं, तर आधी त्याला त्या सीटवर कुणी आणि किती दिवसांच्या तयारीवर बसवलं हेही विचारावं लागेल. इलेक्ट्रिक वाहनात आणखी एक मेख आहे: पाय चुकला तरी इंजिनाचा आवाज येत नाही. पेट्रोल गाडीची बोंब तरी माणसाला भानावर आणते. इथे सगळा जोर पहिल्या क्षणापासून आणि जवळजवळ गुपचूप मिळतो.

हे झालं पायाचं. पण ‘सगळ्या चुका चालकाच्याच’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, कारण यंत्राचे गुन्हे मी डोळ्यांनी पाहिलेत.

सगळ्यात मोठा गुन्हेगार सगळ्यात स्वस्त आहे: फूटमॅट. २८ ऑगस्ट २००९ ला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक लेक्सस, म्हणजे टोयोटाचीच महागडी गाडी, ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जाऊन कोसळली आणि चौघे गेले. चालवणारा हायवे पोलिसात होता, म्हणजे नवशिका नव्हे. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती आणि तिच्यात दुसऱ्याच मॉडेलचं जाड रबरी मॅट घातलेलं होतं. रेसचं पेडल त्याच्या कडेत अडकलं. गाडी बटनस्टार्ट, धावत असताना इंजिन बंद करायचं तर बटन तीन सेकंद दाबून धरावं लागे. परक्या गाडीत, त्या वेगाने, हे कुणाला सुचणार? ब्रेक जळेपर्यंत दाबले गेले होते. या अपघातानंतर टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जानेवारी २०१० मध्ये दुसरा दोष निघाला, तो पेडलच्या घर्षणाचा: पेडल हळू परतायचं किंवा दाबलेलंच राहायचं. तेव्हा कंपनीने अमेरिकेत आठ मॉडेलची विक्रीच थांबवली. २०१४ मध्ये टोयोटाने १२० कोटी डॉलर भरले ते मॅट आणि पेडलबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. कंपनीचं मॅट हुकात बसवलेलं असतं. त्यावर ॲक्सेसरीच्या दुकानातलं जाड ‘सेव्हन डी’ मॅट येतं. पावसाळ्यात चिखल नको म्हणून त्याच्यावर तिसरं रबरी. हुक केव्हाच सुटलेला. मॅट इंच-इंच पुढे सरकत पेडलखाली जातं. तुमच्या वडिलांच्या गाडीत आधी हेच बघा, आणि गाडी वर्कशॉपला जाताना कुणी मॅट काढून डिकीत टाकलं होतं का तेही विचारा. पुरावा असाच हरवतो. दुसरी सवय पाण्याच्या बाटलीची. सीटखालून घरंगळत ती ब्रेकच्या मागे जाते आणि ब्रेक दाबलाच जात नाही. वाईकडे जाताना अशी ठोकलेली एक गाडी मी बघितली, बाटली तेव्हाही तिथेच चपटी होऊन पडली होती. तिसरी चप्पल. मागचा पट्टा नसलेली, रुंद तळव्याची. पाय उचलला जातो आणि चप्पल रेसवरच राहते, किंवा तिची कड एकाच वेळी दोन्ही पेडलांवर बसते.

बड्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने सायबरट्रकच्या ३,८७८ गाड्या परत बोलावल्या. रेसच्या पेडलवरची पट्टी बसवताना साबणाचा हात दिला होता, म्हणून ती सटकून आतल्या पॅनेलखाली अडकायची. भविष्यातली म्हणवणारी गाडी, आणि खोडी साबणाची!

जुन्या गाड्यांत केबल होती. केबलचे धागे सुटले, आवरणात गंज चढला किंवा कार्ब्युरेटरची परतीची स्प्रिंग तुटली की रेस वरच्या वर राहायची. फियाट-अँबॅसिडर चालवलेल्यांना पायाच्या बोटांनी पेडल वर ओढल्याचं आठवत असेल.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळंच भूत आहे. टर्बोचं सील गेलं किंवा कुणी ऑइल वाजवीपेक्षा जास्त भरलं, तर इंजिन हवेच्या मार्गाने स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही. चावी काढून हातात घ्या, इंजिन किंचाळत राहतं. मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर. असं इंजिन मी आयुष्यात दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा पहिली इच्छा पळून जायची झाली. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवून बंद पाडायचं. ऑटोमॅटिकला हा मार्ग नाही, तिथे हवेचा पाइप बंद करावा लागतो आणि ते काम माहीतगाराचं. तुमची गाडी पेट्रोल, तेव्हा हा मुद्दा बाजूला.

राहिलं इलेक्ट्रॉनिक्स. आजच्या गाडीत रेसचं पेडल म्हणजे फक्त एक सेन्सर. किंबहुना दोन: एकाच पेडलची दोन वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये नोंद होते आणि कॉम्प्युटर त्या सतत ताडून बघतो. मेळ बसला नाही तर लिंप मोड, म्हणजे गाडी कशीबशी ओढत नेण्यापुरती रेस. इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर, म्हणजे थ्रॉटल बॉडीवर, स्प्रिंग असते, वीज गेली की झडप जवळजवळ बंद होते. त्यामुळे सेन्सर बिघडल्यावर गाडी बहुतेक वेळा पळत नाही, मरगळते.

बहुतेक वेळा. टोयोटा प्रकरणात अमेरिकी सरकारने थेट नासाच्या इंजिनिअरांना कामाला लावलं. त्यांनी सॉफ्टवेअरच्या २ लाख ८० हजारांहून जास्त ओळी तपासल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष आला: मोठी रेस आपोआप उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पण काही पेडल सेन्सरांमध्ये त्यांना कथलाचे केस सापडले. कथलाच्या मुलाम्यातून आपोआप उगवणारे, डोळ्यांना न दिसणारे धातूचे तंतू, जे दोन जोडण्यांना चिकटून शॉर्ट करतात. दुसरीकडे २०१३ मध्ये टोयोटाविरुद्धच्या ओक्लाहोमातल्या एका खटल्यात मायकेल बार या सॉफ्टवेअर तज्ज्ञाने ज्युरीसमोर साक्ष दिली: या गाडीच्या कोडमध्ये रेस सांभाळणारं काम आणि त्यावर नजर ठेवणारं काम एकाच ठिकाणी गुंतलंय, मेमरीतला एक बिट उलटला तरी दोन्ही एकदम मरू शकतात. ज्युरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला, दोन्ही वादींना १५-१५ लाख डॉलर. त्या गाडीत त्या दिवशी नेमकं तेच घडलं हे कुणी दाखवू शकलं नाही. तसं घडूच शकत नाही, हेही ज्युरीला पटवता आलं नाही. कोडच्या दर्जाबद्दलची बार यांची टीका मला रास्त वाटते. मात्र २०१० मध्ये एनएचटीएसएने तक्रारीतल्या ५८ टोयोटांचे रेकॉर्डर, म्हणजे अपघाताआधीची नोंद ठेवणारे डबे, उघडले, तेव्हा ३५ गाड्यांत ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती. हेही तितकंच पक्कं आहे.

रेकॉर्डरवर विश्वास नसेल तर सोलचं उदाहरण घ्या. १ जुलै २०२४ ला दक्षिण कोरियाच्या राजधानीत सिटी हॉलजवळ गाडी माणसांत घुसली, नऊ जण गेले. ६८ वर्षांचा चालक शेवटपर्यंत म्हणत राहिला की गाडी आपोआप उधळली आणि ब्रेक लागेना. पोलिसांना त्याच्या बुटाच्या तळव्यावर ठसा सापडला, रेसच्या पेडलचा.

जपानने म्हाताऱ्या चालकांचं परवाने-परीक्षांचं गुऱ्हाळ घालता घालता एक शहाणपणाचं काम केलं: पाय चुकणारच हे गृहीत धरलं. समोर भिंत किंवा गाडी असताना उभ्या गाडीत कुणी रेस एकदम तळापर्यंत दाबली, तर गाडी तो हुकूम मानतच नाही, अशी यंत्रणा तिथे बहुतेक नव्या गाड्यांत मिळते आणि २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक मॉडेलांना ती सक्तीची होणार आहे. पुढची गाडी घ्याल तेव्हा सनरूफच्या आधी हे विचारा.

रेस खरंच अडकली तर काय करायचं, ते वडिलांना गाडी बंद असताना करून दाखवा. ब्रेक एकदाच, दोन्ही पायांनी लागला तरी चालेल, पण घट्ट आणि न सोडता. दांडा ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे, वेग ठरावीक हद्दीपलीकडे न जाऊ देणारा त्याचा लिमिटर त्याला सांभाळेल. गाडी थांबली की मगच बंद करायची. धावत्या गाडीची चावी पूर्ण फिरवली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि पॉवर स्टिअरिंगही जातं. तुमची बटनस्टार्ट असेल तर चालू गाडीत ते किती वेळ दाबून धरायचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आणि पार्किंगमध्ये गाडी सुटली तर? तिथे ‘अजून दाब’ ही प्रेरणा उलटी फिरवायची: पाय पूर्ण उचलायचा. पाय रेसवर असेल तर गाडी तिथेच मरते. पाय खरंच ब्रेकवर असेल तर उचलून पुन्हा ठेवायला अर्धा सेकंद जातो. सवय नसलेल्याला हे ऐन वेळी सुचत नाही, म्हणून रिकाम्या मैदानात दहा-वीस वेळा करून घ्यावं लागतं.

आता तुमची गाडी. सर्व्हिस सेंटरचं ‘दोष नाही’ हे तोंडी उत्तर घेऊ नका. स्कॅनरचा छापील रिपोर्ट मागा: इंजिन आणि ट्रान्समिशन दोन्हींचे फॉल्ट कोड, कोड पुसण्याच्या आधीचे. एअरबॅग उघडली असेल तर एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये टक्कर होण्याआधीच्या काही सेकंदांची नोंद असू शकते. ती वाचण्याआधी तो डबा बदलू देऊ नका, बदलला तर जुना ताब्यात घ्या. दोन्ही पेडल सेन्सरांचं व्होल्टेज तुमच्यासमोर दाबत-सोडत दाखवायला सांगा, आकडे एकाच लयीत चढायला-उतरायला हवेत. एवढं करून दोष निघालाच किंवा पुन्हा असं घडलं, तर कंपनीला मेल करून थांबू नका. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलसाठी, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्यासाठी, तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने सरकारला गाड्या परत बोलवायचा आदेश देण्याचा अधिकार दिलाय, पण तो वापरायला एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमा व्हाव्या लागतात.

वडिलांशी मात्र ‘तुमचाच पाय चुकला’ असं बोलू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि दोन दिवस त्यांच्या उजव्या टाचेकडे बघा. टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकवून रेससाठी फक्त चवडा वळवतात, की प्रत्येक वेळी अख्खा पाय उचलून टाकतात? सीट मागे असेल तर दुसरं होतं, आणि पाय तिथेच चुकतो. मधुमेह असेल आणि तळपायाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी झाली असेल, तर गाडीचा विषय संपला, आधी डॉक्टर. तसं नसेल तर सीट पुढे, पट्ट्याची चप्पल किंवा साधा बूट, डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर, आणि गिअर बदलताना ब्रेक पूर्ण दाबलेला. मान मागे वळवायची ती गाडी थांबलेली असतानाच.

आणि क्लेम फॉर्म अजून भरला नसेल तर त्यावर ‘ब्रेक फेल’ लिहू नका. लोकांना वाटतं, चूक कबूल केली तर पैसे बुडतील. उलट आहे. पाय चुकून भिंतीला ठोकली तरी तो अपघातच, आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान पॉलिसीत बसतं. यांत्रिक बिघाड लिहिलात की माझ्यासारखा माणूस बिघाडाचा पुरावा मागतो, बिघडलेला भाग पॉलिसीत बसतच नाही आणि फाइल तीन महिने लोळते. ‘पार्किंगमधून काढताना गाडी अचानक पुढे जाऊन भिंतीवर आदळली’ एवढं पुरे. ते खरंही आहे आणि त्यावर वडील सहीसुद्धा करतील.